सोनूबाईची तारीख

...टाचणीचा गंज अंगठ्याला लागला होता. तो पदराच्या काठाला पुसता पुसता प्रेमाची नजर पुन्हा मृत्यूनोंदीच्या नकलेवर गेली — सोनूबाई धाकू घाडी, वय बेचाळीस, मृत्यू १९४९, ठिकाण वेड्यांचे इस्पितळ. खबर देणारा, मुलगा गुणाजी. गुणाजी म्हणजे बाबा.

गावच्या जमिनीला वारस लावायला तलाठ्यानं वंशावळ मागितली होती, आणि आजीच्या मृत्यूची तारीख तेवढी कुणाकडे नव्हती. बाबांच्या वेळच्या बाळंतपणात ती गेली, एवढंच घरात सांगत. म्हणून प्रेमानं नोंदणी कचेरीत १९२६चं रजिस्टर काढायला लावलं. त्यात आजी नव्हती. कारकुनानं पुढची वर्षं चाळली आणि सांगितलं, बाई, ही तेवीस वर्षांनी वारली आहे.

तेवीस वर्षं... दहिसरच्या बसमध्ये तिला पोटात बाळ फिरल्यासारखं वाटलं आणि तिनं पोटावरचा हात चटकन बाजूला घेतला. सातवा महिना. चारकोपच्या घरातली विळी तिनं गेल्याच महिन्यात माळ्यावर टाकली होती; नवऱ्याला, अनंताला, सांगितलं की वाकून चिरवत नाही. खरं कारण — नाही, ते मनातसुद्धा पुरतं म्हणायचं नाही. बाळ कुशीत येईल, घरात कुणी नसेल, आणि माझेच हात... मी अशी नव्हते. हे कुठून आलं, म्हणून मी महिनाभर स्वतःला विचारतेय. आणि आता हा शिक्का मारलेला कागद...

गिरणी सुटल्यापासून बाबा दहिसरच्या चाळीत एकटेच राहत. दुपारची भाकरी खाऊन ते दारापाशी बसले होते. तिनं कागद पुढे केला. चष्मा न लावताच त्यांनी तो परत दिला. त्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. मग हळूहळू सांगत गेले : सोळाव्या वर्षी चुलत्यानं खरं सांगितलं, तेव्हापासून दर महिन्याला ते तिला भेटायला जात. ती केस विंचरून बसलेली असे. गावच्या माणसांची नावानिशी चौकशी करी.

"मग तिला तिथे का ठेवलं?" प्रेमानं विचारलं.

"येडी नव्हती गो ती. भियाली होती. माझ्या हातून पोराचा काय वाईट होईत, म्हणून. तसा तिना तुझ्या आजोबाक सांगितल्यान. तेनी नेऊन घातली."

सांगितलं म्हणून. केलं काहीच नव्हतं, फक्त सांगितलं... प्रेमानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बाबांच्या ते लक्षात आलं असावं.

"तुका पण तसाच वाटता?"

नाही म्हणायचं तिनं ठरवलं होतं. तोंडातून "हो" गेलं.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला शोधू लागले. कुठे निघाले, हे तिला विचारवेना. डॉक्टरकडे? अनंताला फोन करायला? की नुसतंच, दूध आणायला? आजीनंही असंच भरदिवसा सांगितलं असेल, आपल्या माणसाला, आणि त्याच्या पाठीकडे बघत बसली असेल... महिनाभर प्रेमा आपल्या हातांना भीत होती. आता तिनं ते मांडीखालून काढून पोटावर ठेवले, घट्ट. आणि कान मात्र जिन्याकडे — बाबांची पावलं उतरत होती, एक एक, सावकाश.