मक्याच्या पाकाची बाटली

ओक्लाहोमातल्या त्या भागात घोड्यांच्या प्रत्येक तबेल्यात ओटच्या पिंपामागे मक्याच्या पाकाची एक बाटली असायची. कोणी विचारलंच तर घरच्या बाया सांगायच्या, धिरड्यांवर घालायला आणलीय. तबेल्यात कसली धिरडी, हे विचारायची रीत नव्हती.

वर्ना टटलकडेही ती बाटली होती. शनिवारी सकाळी तिचा नवरा हॉयट अंगणात रोझिटा घोडीला खरारा करत होता. गिऱ्हाईक यायचं होतं. घोडीचे पुठ्ठे असे भरलेले की बघणाऱ्याची नजर हलू नये. आणि वर्नाच्या पिठाच्या डब्यात घोडीच्या रक्ततपासणीचा कागद होता. ते पुष्ट स्नायू म्हणजे आजारच होता, अचानक अंग लुळं पाडणारा, बापाकडून उतरलेला. तो बाप यांचाच घोडा. त्याच्या दर दोन शिंगरांमागे साधारण एकाला हे दुखणं मिळायचं. पण प्रदर्शनात परीक्षक पुठ्ठे बघून पहिल्या नंबराची निळी फीत देत, म्हणून सगळा मुलूख आपल्या घोड्या त्याच्याकडेच आणायचा. रोग पेरायचा आणि त्याला देखणेपण म्हणायचं, इतकी ती रीत आंधळी होती.

"सांगू या का गिऱ्हाइकाला?" वर्नाने विचारलं.

"सांग, आणि मग बसू माशा मारत," हॉयट म्हणाला. "सगळेच गप्प बसतात. मी एकटा काय पाद्री लागून गेलोय?"

गिऱ्हाईक, लेलंड, आला तो दहा वर्षांच्या लेकीला, मार्वाला घेऊन. पोरीने नव्या घोडीसाठी लसूणघासाची पेंडी आणली होती. असल्या घोड्यांना लसूणघास म्हणजे विष, हे दोघा नवराबायकोंना ठाऊक होतं. पण नको म्हणायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं. घोडीने पेंडी फस्त केली.

अर्ध्या तासाने मार्वा खोगिरावर बसली होती. घोडीच्या कुशीवरची कातडी थरथरू लागली, मग मांडीवरची.

"माशा चावतायत," हॉयट म्हणाला.

घोडीच्या डोळ्यावर पापणीआतला पांढरा पडदा सरकला. मागचे पाय लटपटले.

"लेलंड, पोरीला उतरव. आत्ता," असं म्हणून वर्ना पिंपामागची बाटली आणायला पळाली; या झटक्यावर तो गोड पाकच उतारा होता.

मार्वाचे पाय जमिनीला लागले न लागले, तोच घोडी कोसळली. खोगीर खाली चेपलं गेलं. वर्नाने तिची मान धरून तोंडात पाक ओतला, पुन्हा ओतला. बऱ्याच वेळाने थरथर ओसरली आणि घोडी धडपडत उठली.

लेलंड लेकीला घट्ट धरून उभा होता. "बाटली तयारच होती म्हणजे," तो म्हणाला.

वर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पिठाने माखलेला कागद आणून त्याच्या हातात ठेवला. "वर्षभर होती, भाऊ. ही विकायची नाही, आणि हिला शिंगरूही होऊ द्यायचं नाही. हिच्या बापाकडेही यापुढे कुणाची घोडी येणार नाही."

"घराण्याचं नाव बुडवलंस," हॉयट म्हणाला.

"पोरीची मान मोडली असती, हॉयट. मीही उभी राहून बघत होते."

त्याने चेपलेलं खोगीर उचललं आणि तबेल्यात गेला.

गावात बातमी पसरायला दुपार पुरली. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तबेल्यांतून तीन बायकांचे फोन आले. आता शिव्या खायच्या, म्हणून वर्नाने मन घट्ट केलं होतं. पण तिघींनी आवाज खाली ठेवून एकच विचारलं, "रक्त तपासायला कुठे पाठवतात गं?"