तीन नंबरच्या संगणकाचा पत्ता

मन्मथप्पांच्या भांड्यांच्या दुकानातली अर्धी जागा त्यांच्या पोराने, संगमेशने, घेतली आणि आष्टीत इंटरनेटचे दुकान निघाले. फोनची तार एक, संगणक चार. प्रत्येक संगणकाला पोराने एकेक लांब नंबर, म्हणजे त्याचा पत्ता, दिला होता. अप्पांनी ते पाठ केले आणि मोठ्या जाणकारासारखे गिऱ्हाइकांना सांगू लागले.

छबुबाईंची सायली पुण्यात शिकत होती. तीन नंबरच्या संगणकाचा पत्ता अप्पांनी छबुबाईंना दिला. पोरीला कळवा, तिने तिकडे हा दाबला की ती थेट इथे दिसेल, गुरुवारी दुपारी या, म्हणाले. संगमेशला विचारणे त्यांना कमीपणाचे वाटले.

गुरुवारी छबुबाई नवे लुगडे नेसून कॅमेऱ्यासमोर बसल्या. पडदा कोराच. संगमेश बीडहून आला तेव्हा अप्पांनी त्याला बाजूला घेतले.

"अप्पा, हे नंबर घरातले हायेत," तो हळूच म्हणाला. "घरात एखाद्याला बाळू म्हणतो, तसे. पुण्यात बाळू म्हणून हाक मारली तर तिथलाच बाळू वळून बघंल."

"मग असले नंबर दिलेच कावून?"

असे नंबर कुणाकडे मागावे लागत नाहीत, एका तारेवर चारही संगणक चालतात, बाहेरचा कुणी परस्पर आत येत नाही, असे त्याने सांगितले. फक्त बाहेरून नेमका हाच संगणक गाठता येत नाही. भेट दुसऱ्या वाटेने घडवता येईल, पण आधी सायलीला कळवावे लागेल.

अप्पा वळले. दुकानात बाजारातली चार माणसे बसली होती. तोंडातून निघाले ते, "विसरली असंल पोरगी."

छबुबाईंनी पदर सावरला. "आईसाठी येळ न्हाई, तर कसलं शिक्षण? सायलीचे बाप उद्या जाऊन आणतील तिला घरी."

त्या गेल्या. संगमेश बापाकडे नुसता बघत राहिला. ते अप्पांना सोसेना. तसेच स्टँडवर गेले. छबुबाई गावाकडे, कड्याला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होत्या.

"पोरगी विसरली न्हाई. मीच चुकीचा पत्ता दिलता."

"मग मघाशी कावून न्हाई सांगितलं?"

"लोकं बसले व्हते."

"तुमची लाज राखायला माझ्या पोरीचं शिक्षण मोडाया निघाले व्हते, अप्पा?"

आजूबाजूची माणसे वळून बघू लागली. अप्पांची मान वर होईना.

गाडी लागली, पण छबुबाई चढल्या नाहीत. शेजारच्या एसटीडीवरून त्यांनी वसतिगृहात फोन लावून घेतला. पोरीची खुशाली विचारली. मग रिसीव्हर अप्पांपुढे धरला. "आता तिला बी सांगा."

अप्पांनी तो कानाला लावला. सायली विचारत होती, "अप्पा, माझंच काय चुकलं का? मी लई टाइम बसलते."

"न्हाई, बाई," अप्पा म्हणाले, आणि भोवतीच्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळे सांगू लागले.