मालकाची सही

मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. बस डेपोच्या कारखान्यात मी सीटांची कव्हरं शिवते. रेक्झिन जाड, मशीन जुनं, आणि वर साहेब म्हणणार, "जरा हसून काम करा." अशा जागी सोळा वर्षं काढलेल्या बाईच्या आवाजात साखर राहत नाही.

आई गेल्यावर बाबा घरात एकटे राहिले. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं. शिफ्ट दर आठवड्याला वेगळी. रोज जाऊन त्यांना करून घालणं शक्यच नव्हतं. म्हणून मी रविवार धरला. सकाळी सातला त्यांच्या स्वयंपाकघरात शिरायचं, दोन मोठी पातेली चढवायची, आणि दुपारपर्यंत आठवड्याचे चौदा डबे भरून, गार करून फ्रीजरमध्ये. डबे पातळ प्लास्टिकचे, जेवण झालं की फेकून द्यायचे. बाबांनी फक्त एक काढायचा, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा आणि बटण दाबायचं. विसरायला लागले होते, पण तेवढं त्यांना जमत होतं. शिवाय बत्तीस वर्षं कोल्ड स्टोरेज सांभाळलेला माणूस. पहिल्याच रविवारी माझी डबे लावायची पद्धत बघून म्हणाले, "अगं, भिंतीला चिकटवून काय ठेवतेस? हवा फिरायला जागा नको? कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही नाही, एवढं नक्की," मी म्हटलं. ते हसले.

डब्यावर चिकटपट्टी लावून मी तारीख आणि आत काय आहे ते लिहायची. रस्सा दोन प्रकारचा असायचा. एक माझा, घाईचा. दुसरा आईच्या पद्धतीचा, म्हणजे कांदा तासभर मंद आचेवर परतलेला, मिरी भरडून घातलेली, बटाट्याच्या चांगल्या मोठ्या फोडी. बाबांचा जीव त्या रश्श्यावर. आता बोटभर पट्टीवर 'आईच्या पद्धतीचा कोंबडीचा रस्सा' एवढं पुराण कोण लिहीत बसणार? मी लिहायची 'आई'. बाकीच्यांवर 'साधा'. माझ्या लेखी ते पदार्थाचं नाव होतं.

मी असते म्हणून दवाखान्यातली सिस्टर पंधरा दिवसांनी रविवारीच यायची. वजन, रक्तदाब, चार प्रश्न. पहिल्यांदा वजन भरलं चोपन्न किलो. मग साडेबावन्न. बाबांच्या पँटला मी पट्ट्याचं नवीन भोक पाडून दिलं आणि मनात म्हटलं, साधा रस्सा आवडत नसेल, नाहीतर काय. तोवर आठवड्याला सहा डबे 'आई'चे करत होते, ते दहा केले. पहाटे उठून कांदे चिरायची, डोळे चुरचुरायचे, पण म्हटलं, खाऊ दे त्यांना आवडीचं.

पुढचं वजन एकावन्न. त्याच्या पुढचं एकोणपन्नास.

त्या दिवशी सिस्टरने मला जिन्यात गाठलं. "ताई, आजोबा जेवत नाहीयेत."

"जेवतात. मी रोज फोनवर विचारते. जेवलो म्हणतात."

"मग अंगाला का लागत नाही? तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत. हे बघा, दीड महिन्यात वजन बावन्नच्या वर आलं नाही, तर मला लिहावं लागेल की ते एकटे राहू शकत नाहीत. मग तुम्ही जागा बघा."

जागा म्हणजे वृद्धाश्रम. आईचे दिवस झाल्यावर बाबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, "मला या घरातून हलवू नकोस." मी हो म्हणून बसले होते. परदेशात असलेल्या धाकट्या भावाला मी जिन्यातूनच फोन लावला, तर तो म्हणतो, "ताई, जरा प्रॅक्टिकल विचार कर." त्याला काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वर आले ती फणफणतच. काहीतरी घासून पुसून काढल्याशिवाय माझा राग उतरत नाही, म्हणून फरशी पुसायचं फडकं आणायला मागच्या बंद गॅलरीत गेले. तिथे आईचा जुना आडवा फ्रीजर होता, वर चादर टाकलेला. तो मी स्वतः बंद केला होता. आता घुंघुं आवाज येत होता.

झाकण उघडलं. आत डबे. तारखेप्रमाणे ओळीने लावलेले, जुने पुढे, नवे मागे, हवा फिरायला मध्ये बोटभर जागा सोडून. अठ्ठेचाळीस होते. प्रत्येकावर माझ्याच अक्षरात, 'आई'.

"बाबा!" मी ओरडलेच. "हे काय आहे?"

ते चष्मा पुसत आले. "तुझ्या आईचं आहे."

"तुम्ही का नाही खाल्लंत?"

"तिचं नाव आहे त्याच्यावर. मी कसा हात लावणार?" त्यांना माझंच नवल वाटलं. "माझे मी खातो की. साधा लिहिलेले."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. कोल्ड स्टोरेजचा हाच तर नियम. पेटीवर ज्याचं नाव, त्याचा माल. मालकाच्या सहीशिवाय पेटी हलत नाही, मग साहेबाचा बाप येऊन उभा राहिला तरी. या माणसाने बत्तीस वर्षांत एक सफरचंद खिशात घातलं नव्हतं. आठवड्याला आठ डबे त्यांच्या वाट्याला येत होते. मी काळजीने चारवर आणले. म्हणजे त्यांना उपाशी मीच ठेवलं, आणि कांदे परतून परतून ठेवलं.

हे असं स्वतःवर आलं की मी दुसऱ्यावर ओरडते. ओरडले. "बाबा, आई गेली! दोन महिने झाले! कोण खाणार आहे हे?"

ते फ्रीजरची कड धरून खाली बसले. "कधी?" एवढंच विचारलं. मग लहान मुलासारखे रडले. मीही रडले. त्यांना धरून बाहेर आणलं, चहा टाकला. चहा घेऊन आले तर डोळे कोरडे करून खिडकीतून बघत होते. म्हणाले, "तुझी आई कुठे राहिली गं? तिचा चहा गार होईल."

जीभ हासडून टाकावी असं वाटलं मला. तेव्हाच ठरवलं, पुन्हा हे आपल्या तोंडून काढायचं नाही.

मग मी मार्कर घेतला आणि डब्यांवरचं 'आई' खोडून 'बाबा' लिहायला लागले. ते मागे येऊन उभे. "दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव? याला काय म्हणतात माहितीये का तुला?" माझ्या हातातला डबा काढून घेतला त्यांनी. मी मार्कर खाली ठेवला.

"बरं, मग माल सोडवायचा कसा? तुम्हीच सांगा."

"चिठ्ठी लागते. कुणाला द्यायचा ते लिहायचं, खाली मालकाची सही. सही मी ताडून बघणार."

सही! शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर आईची सही मी किती वेळा ठोकली होती, त्याला गणतीच नाही. स्वयंपाकघरात जाऊन कागदावर लिहिलं, 'माझा सर्व माल माझ्या नवऱ्यास द्यावा.' खाली आईची सही केली, शेवटच्या अक्षराखालच्या लांब रेघेसकट. आणून दिली. "आईने पाठवलीये."

बाबांनी कागद उजेडात धरला. आमचे विसरभोळे झालेले बाबा नाहीसे झाले आणि कोल्ड स्टोरेजचे इन्चार्ज समोर उभे राहिले.

"ही तिची नाही," ते म्हणाले. "ती रेघ डावीकडून ओढते. ही उजवीकडून ओढलीये. तुझी आहे. प्रगतिपुस्तकावर पण अशीच असायची."

चाळीस वर्षं माहीत होतं त्यांना!

ते कागदाकडेच बघत होते. "खोटी सही करून तू माझ्याकडे कधी येशील? तिला येणं शक्य नसेल तरच." मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "ती सही करायला नाही का आता?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "नाही बाबा."

मग खिशातलं पेन काढून ती खोटी सही एका रेघेने खोडली आणि खाली आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मालक मयत. वारस मुलगी.' कागद माझ्यापुढे सरकवला. "मालक गेला की वारस सही करतो. कर. तुझी स्वतःची."

मी केली. कागद त्यांनी फ्रीजरच्या झाकणावर चिकटवला, दोन डबे काढले आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो. कितीतरी दिवसांनी त्यांचं पोट भरलं.

पुढच्या रविवारी मी चौदाही डब्यांवर 'बाबा' लिहिलं. त्यांनी मोजून सात उचलले आणि आईच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवले. "घरात दोन माणसं आहेत," म्हणाले. मी नेऊ दिले. कागद होता ना. रोज एक जेवण इकडून, एक तिकडून. वजन पन्नासवर आलं, मग एकावन्न, मग सव्वाबावन्न. सिस्टरने लिहून दिलं, एकटे राहू शकतात. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मानलं तुला." मीसुद्धा स्वतःला मानलं होतं, बुधवारपर्यंत.

बुधवारी शिफ्ट लवकर सुटली म्हणून दुपारीच गेले. माझी किल्ली लावून आत आले, त्यांना ऐकू गेलं नाही. ते गॅलरीत फ्रीजरपाशी उभे होते. एकेका शब्दाखाली बोट फिरवत कागद वाचत होते. 'मयत'वर बोट थांबलं. पुन्हा मागे जाऊन वाचलं. "अरे," एवढंच म्हणाले, आताच कुणीतरी येऊन सांगितल्यासारखं. मग झाकणावर दोन्ही हात टेकून कितीतरी वेळ उभे राहिले. बाहीने डोळे पुसले. माझी सही बघितली, मान हलवली, झाकण उघडून एक डबा काढला.

हे रोज होत होतं. जे पुन्हा तोंडातून काढायचं नाही म्हणून मी शपथ घेतली होती, ते त्यांना रोज जेवायच्या आधी कळत होतं, माझ्या सहीनिशी.

मी पुढे झाले आणि कागदाला हात घातला. एक कोपरा उचकटला असेल नसेल, बाबांनी माझं मनगट धरलं.

"तो काढू नकोस गं," ते म्हणाले. डोळे अजून ओले होते. "तो नसला तर मी तिची वाट बघत बसतो. जेवतच नाही."

मी कोपरा अंगठ्याने पुन्हा नीट चिकटवला.