पट्टीखालचं नाव

थोरल्या मुलीला जुळी झाली आणि बाइंडर आजोबा झाला, त्याच वर्षी गायिकाबाईंनी ऑपेराच्या स्वरलिपीचं ते बाड त्याच्या हातात ठेवलं.

"पाठ सुटलीय. नीट बांधून आण," बाई म्हणाल्या. "येत्या रविवारपासून ते तुझंच. माझ्याच्यानं आता सांभाळणं होत नाही."

या वाक्यासाठी तो अकरा वर्षं दर रविवारी येत होता. नाट्यगृहाच्या ग्रंथालयातली पुस्तकं बांधण्यात त्याचा जन्म गेला. ऐपत बेताची, पण छंद राजाचा: जुन्या ऑपेरांच्या स्वरलिप्या जमवायच्या, त्याही संगीतकाराने स्वतः सही केलेल्या. अशा सात जमल्या होत्या. स्वरलिपी त्याला वाचता येत नसे. शाई कुठे जाड झाली, लिहिणाऱ्याचा हात कुठे थबकला, तेवढं कळे.

"सात सवती पुरे झाल्या की," बायको म्हणाली. "आठवी कुठे निजवणार?"

"कपाटावर."

"तिथे तुमच्या नातवंडांची दुपटी ठेवलीत."

बाड सत्तावन्न वर्षांपूर्वीचं. पहिल्या पानावर 'माझ्या नायिकेस', पुढे बाईंचं नाव, खाली सही. जुनी खळ सुटावी म्हणून बाइंडरने शिवणीच्या कडेला ओलं फडकं ठेवलं. सहीच्या पानाजवळ पाणी न्यायचं नाही, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. पण घाई झाली होती. ओल पसरली आणि बाईंच्या नावाचा कोपरा उचलला गेला. नाव एका पातळ पट्टीवर लिहिलेलं होतं. त्याने चिमट्याने पट्टी सोडवली. खाली त्याच हातचं दुसरं नाव होतं: बाईंच्या धाकट्या बहिणीचं.

त्या दोघींचं भांडण नाट्यगृहात सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच भूमिकेची तयारी दोघींनी केली आणि रंगमंचावर उभी राहिली थोरली. संगीतकाराने आधी मलाच निवडलं होतं, असं धाकटी म्हणत राहिली. थोरलीने चारचौघांत तिला खोटारडी ठरवलं. तेव्हापासून एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

भांड्यात खळ तयार होती. बोटभर लावली असती तर पट्टी बसली असती आणि बाड घरी आलं असतं. बाइंडर बराच वेळ हात पुसत राहिला.

रविवारी त्याने नवी बांधणी केलेलं बाड बाईंपुढे उघडलं. पट्टी पाकिटात वेगळी दिली. बाईंनी भिंग लावून पान पाहिलं, मग पट्टी पाहिली.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"कोणी नाही."

"मग चिकटवून टाकायची होतीस, शहाण्या. मला काय कळणार होतं?"

"मला कळलं होतं ना, बाई."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "आता हे तुला देता येणार नाही."

"तुमच्या जिन्यावरच ध्यानात आलं ते."

"आणि तरी वर आलास." त्या थोड्या हसल्या. "पुढच्या रविवारी बसची दोन तिकिटं काढ. मी स्वतः नेऊन देते. ती दार लावून घेईल तोंडावर, घेऊ दे."

पुढच्या रविवारी बाइंडर एकटाच बसमध्ये बसला. दार धाकटीनेच उघडलं. त्याने निरोप सांगितला आणि बाड दिलं. ती पहिलं पान उघडून उभ्याउभ्याच वाचत राहिली.

"ती स्वतः येणार होती?" तिने विचारलं.

"हो. गुरुवारीच बूट पुसून दारापाशी ठेवले होते."

"तिला कधी कोणाचे बूट पुसायला आवडलं नाही. स्वतःचेसुद्धा," धाकटी म्हणाली. मग तिने त्याला आत बोलावलं आणि खुर्ची पुढे केली.

थोरली वारली ती त्या रविवारच्या दोनच दिवस आधी, एप्रिलच्या सतरा तारखेला, शुक्रवारी सकाळी. वय एक्क्याऐंशी. धाकटी त्याच साली नोव्हेंबरात गेली.