खोळीतला वस्तरा

मी एक जुना वस्तरा आहे. मित्रांनो, जरा लांबच बसा. सवयीने सांगतो, नाहीतर आता माझ्यात तेवढी धमक उरलेली नाही.

मला कुणी घडवलं ते आठवत नाही. आठवतो तो माझा मालक, न्हावी. सकाळी तो मला चामडी पट्ट्यावर फिरवायचा आणि मग दिवसभर गाल, हनुवट्या, मिशांचे कोपरे. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की कोरडं पुसून, तेलाचं बोट लावून दुकानातल्या फळीवर मला उघडाच ठेवायचा. लोक म्हणायचे, "हात कसला हलका आहे हो तुमचा." हात त्याचा होता, पण त्यातलं थोडं कौतुक मी गुपचूप स्वतःकडे घ्यायचो.

कुणी आजारी असलं की तो घरी जाऊन दाढी करून द्यायचा. तेवढ्यापुरती मला चामड्याची खोळ होती. त्याच्या मुलीने मला पाहिलं ते जाता-येता, त्या खोळीतच. म्हणून तो गेल्यावर तिने मला खोळीत घालून कपाटात ठेवलं आणि जिवापाड जपलं. अधूनमधून ती खोळ बाहेर काढून तेल लावायची, चकाकेपर्यंत पुसायची. उघडून आत मात्र बघायची नाही. तिला ते जमायचंच नाही.

चामडं ओल धरून ठेवतं. गंज चढला तेव्हा आधी खाजलं, मग दुखलं, मग काहीच वाटेनासं झालं. किती वर्षं गेली ते मी विचारलंही नाही.

पुढे तिच्या थोरल्या भावाचं अर्धं अंग लुळं पडलं. तो दाढीला कुणालाच हात लावू देईना. दाढी वाढली, खाली पुरळ उठलं, तरी दुसरा कुणी न्हावी आला की हा तोंड भिंतीकडे करायचा. एकदा एवढंच बोलला, "बाबांचा वस्तरा आण."

तिने खोळ उघडली. मी आत चिकटून बसलो होतो. ओढून काढताना तांबडा भुगा तिच्या मांडीवर सांडला. ती रडली नाही. भुगा झटकून तिने मला फडक्यात गुंडाळलं.

मग आम्ही धारवाल्याकडे गेलो.

"एवढं जपलं होतं हो मी," ती म्हणाली.

"ताई, चामड्यात ठेवलात तिथंच घोळ झाला."

"पहिल्यासारखा होईल?"

"चाकावर धरला तर आत्ता चकचकीत करून देतो. पण तापेल, पोलादाचं पाणी उतरेल, मग त्यानं भाजीसुद्धा कापली जायची नाही. हातानं करतो. अंगावरचे खड्डे राहतील, राहू देत. पण हा धारेजवळचा खड्डा गेलाच पाहिजे, नाहीतर गाल फाडेल. तो खोल निघाला, तर मात्र वस्तरा विसरा."

त्याने मला तेलात भिजवलं, तांब्याच्या पट्टीने गंज खरवडला आणि दगडावर धार मागे मागे नेली. ती स्टुलावर बसून बघत होती. मित्रांनो, मला दुखायला हवं होतं. दुखलं नाही. खड्डा संपला तेव्हा मी चांगलाच अरुंद झालो होतो. धारवाल्याने मला स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिलं. केस पडले. "न्या," तो म्हणाला.

घरी आल्यावर तिने भावाच्या तोंडाला साबण लावला. तिने आधी कधी कुणाची दाढी केली नव्हती, म्हणून लुळ्या बाजूने सुरुवात केली. त्या गालावर त्यालाही काही कळत नव्हतं आणि मलाही. मग ती दुसऱ्या गालावर आली. त्याने डोळे मिटले. त्याची कातडी शहारली आणि ते मला धारेपर्यंत लागलं. फार वर्षांनी काहीतरी लागलं.

दाढी झाली. तिने मला पुसलं, तेल लावलं आणि सवयीने खोळ उचलली.

"आत नको," भाऊ जड जिभेने म्हणाला. "परवा लागेल."

मित्रांनो, तुमच्याकडेही असं काही जपून ठेवलेलं असेल. एकदा उघडून बघा, पुसा, वापरा. तेवढं केलंत तरी पुरे. मी आता खिडकीजवळच्या फळीवर उघडाच असतो. अंगावर खड्डे आहेत, धार बरी आहे. परवा मला काम आहे.