नेलपॉलिशचे दोन ठिपके

भोईवाड्याच्या पेडणेकर मेकॅनिकवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझ्या जुन्या फोर-बाय-फोर जीपचा, इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा ओरिजिनल शाफ्ट काढून हा भंगारातला बसवणार, याची खात्रीच होती मला. म्हणून शाफ्ट खोलून ग्रीसिंग करायला गाडी देण्याआधी जीपखाली शिरून शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला, हात पोचेल तिथे.

गाडी परत आली ती साठच्या पुढे थरथरतच. वाकून बघितलं तर दोन्ही ठिपके होते, तेही अगदी एका रेषेत; मी तर तसे लावले नव्हते. संशय आणखी वाढला. ठिपकेसुद्धा यानेच रंगवले असणार. तडक गॅरेज गाठलं.

पेडणेकर टॉर्च घेऊन जीपखाली गेला आणि तिथूनच बोलला, "शाफ्ट तुमचाच आहे. याचे दोन तुकडे एकमेकांत बसतात. खोलण्याआधी दोन्हींवर समोरासमोर खूण करतात आणि जोडताना ती जुळवतात, नाहीतर गाडी थरथरते. मी खुणा जुळवूनच जोडलाय."

"कुठल्या खुणा?"

"हे लाल ठिपके. आधीच्या कुठल्यातरी गाढवाने चुकीच्या जागी लावलेत."

मी हात खिशात घातला. अंगठ्यावरचा लाल रंग अजून गेला नव्हता.