बन्सीलालचा ऑफिसातला आवाज

बमरोलीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मिलच्या सुट्टीचा दिवस, नवागामातून रिक्षा भरभरून माणसं आलेली. समोर पाटावर पितळी कलश, मागे भगवा पडदा आणि शेजारी शब्दबाबा. हे बाबा मेलेल्या माणसाला बोलतं करत!

"बोलो, किसको बुलाना है? कोणाला भेटायचंय? आज स्वर्गाची लाइन मोकळी आहे!" बाबा गिऱ्हाईक ओढत होते. आत्म्याला खाली उतरायला मिनिटभर लागतं, असंही त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. वरतीसुद्धा आमच्या उधना दरवाजाच्या चौकासारखं ट्रॅफिक असावं.

मी मागे उभा राहून हसत होतो. मी वाल्मिक, नवागामच्या कामगार पतपेढीचा चिटणीस आणि अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा. मला मराठी शाळेच्या रंजनाताईंनी ओढून आणलं होतं. "भाषणं पुरे. आज भागीरथीबाई तिथे जाणार आहेत, चला," त्या म्हणाल्या. नाव ऐकताच मी चपला घातल्या.

आठच दिवसांपूर्वी भागीरथीबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. नवरा बन्सीलाल पलसाण्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला होता, गेल्या वर्षी वारला. त्याची सगळी बचत मुलगी हर्षदाच्या नर्सिंग प्रवेशासाठी बाईंच्या खात्यात ठेवलेली, आणि खातं एकाएकी रिकामं! "मी पैसा काढला नाही हो भाऊ," त्या काकुळतीने सांगत होत्या. पैसे काढायला आलेल्या फोनचं रेकॉर्डिंग मी लावून दाखवलं. आवाज त्यांचाच होता. "बाई, मशीन खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "कोणाला दिलेत ते आठवा." त्या मान खाली घालून निघून गेल्या.

हे आवाजाचं कुलूप मीच आणलेलं. रसायनांत हात घालून डाइंगवाल्यांच्या बोटांचे ठसे झिजतात, मशीनवर अंगठा उठत नाही. म्हणून फोन करायचा, 'माझा आवाज हीच माझी ओळख' म्हणायचं, की पैसे सांगाल तिकडे. सगळ्यांना एकच वाक्य. केवढी शेखी मिरवली होती मी त्याची!

आता पैसे कुठे गेले, ते बाई नवऱ्यालाच विचारायला आल्या होत्या. मी त्यांना दुसरं दार ठेवलंच कुठे होतं?

कलशातून आवाज आला. "भागीरथी... मी सुखात... आहे. पैशाचा... शोक... करू नकोस."

शेडमध्ये हुंदके फुटले. माझ्याही अंगावर सर्रकन काटा आला. हुबेहूब बन्सीलाल!

बाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी घरच्या अहिराणीत विचारलं, "घरमा माले काय म्हनेत तुम्ही?"

मिनिटभर शांतता. पडद्यामागे बारीक टकटक. मग उत्तर आलं, "तुला... भागीरथी... म्हणत होतो."

"हाऊ मना नवरा नही!" बाई कडाडल्या. "ते माले 'हर्षदानी माय' म्हनेत! असं पुस्तकनं मराठी मनासंगे कधी बोलनात नही!"

"बाई, मेल्यावर आत्मा शुद्ध होतो," बाबा घाईघाईने म्हणाले. "आत्म्याबरोबर भाषाही शुद्ध होते!"

"अगं बाई! मग माझा चौथीचा वर्ग पाठवते की तुमच्याकडे शिकवणीला," रंजनाताई म्हणाल्या आणि पुढे होऊन त्यांनी पडदा ओढला.

मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन लखन बसला होता. आमच्या पतपेढीचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा लखन! ताईंनी कलश उलटा केला, तर आतून लिंबाएवढा स्पीकर पडला. त्या लखनला म्हणाल्या, "लिही, आज बटाट्याची भाजी आहे." त्याने लिहिलं. स्पीकर बन्सीलालच्या आवाजात भाजीचं सांगू लागला. मग लखनने आवाज बदलला, तेच वाक्य माझ्या आवाजात आलं. माणसाचं थोडं बोलणं या प्रोग्रॅमला ऐकवलं की त्या आवाजात तो लिहाल ते बोलतो. जादू संपली.

"पण बन्सीलालचा आवाज याला मिळाला कुठून?" ताईंनी विचारलं.

उत्तर माझ्याजवळ होतं. तो शब्द तोडून बोलणारा बन्सीलाल मला पक्का ठाऊक होता. तसा तो जगात एकाच ठिकाणी बोलायचा, माझ्या ऑफिसात, आवाज नोंदवायला बसला की. "इथे अहिराणी नको, शुद्ध बोला, एकेक शब्द सुटा बोला," असं मीच त्याला दटावायचो. बिचारा घाम पुसत बोलायचा. कॉम्प्युटर हळू चालतो, जागा रिकामी करायची म्हणून सगळ्या सभासदांची रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर लखनला दिली, तीही मीच. त्यात मधेमधे बोलणारा माझा आवाज होता, भागीरथीबाईंचाही होता. बाईंच्या त्याच आवाजाने त्यांचं खातं उघडलं गेलं.

सगळ्यांसमोर मी हे कबूल केलं. लोकांनी शिव्या घातल्या, आणि त्या मला लागूच होत्या. पोलिसांनी बाबाला आणि लखनला नेलं. पैसे मिळाले नाहीत. हर्षदाचं वर्ष गेलं, ती साड्यांच्या घड्या घालायला जाते. ती रस्त्यात दिसली की मला मान वर करवत नाही.

आता पतपेढीत नुसत्या आवाजावर पैसे सुटत नाहीत. दर वेळी नवं वाक्य बोलायला लावतो. तेही पुरेसं नाही, म्हणून नोंदवलेल्या नंबरावर आम्ही उलट फोन करतो, आणि रक्कम मोठी असली तर माणूस समोर बोलावतो. हे सांगायला आणि माफी मागायला मी भागीरथीबाईंच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "भाऊ, बाबाले मी सवाल करा. तुमले करा नही. तुम्ही शिकेल शेतस, म्हनीसन."

बाबाला त्यांनी विचारलं, मला विचारलं नाही, कारण मी शिकलेला! खरा बाबा मीच झालो होतो. माझा कलश लोखंडी मशीनचा होता, एवढंच. म्हणून हात जोडून सांगतो: फोनवर अगदी पोटच्या पोराचा आवाज आला, तरी फोन ठेवा आणि आपण उलट लावा. मशीन काही म्हणालं तर विचारा, कशावरून? माझ्यासारखा शिकलेला टेबलामागून काही म्हणाला, तर त्यालाही विचारा. आणि समोर एखादी बाई रडून 'मी नाही केलं' म्हणत असेल, तर मशीनच्या आधी तिचं ऐका.